पेण ते बेलापूर रोजचा प्रवास: स्वतःची गाडी की रेल्वे, खरा खर्च कसा मोजावा?

भोगावतीकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझे घर पेण शहरात आहे आणि नव्या नोकरीचे कार्यालय बेलापूरला. कार्यालयात रोज हजर राहावे लागणार असल्याने जाण्यायेण्याची कायमची व्यवस्था ठरवायची आहे. पळस्पे आणि कळंबोली मार्गे गेल्यास एका बाजूचे अंतर सुमारे ४५ किलोमीटर भरते. महिन्याला कामाचे २२ दिवस धरले तर जवळपास १,९८० किलोमीटर होतात. घरात सध्या एक पेट्रोल गाडी आहे. ती लिटरला १६ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर महिन्याला साधारण १३,००० रुपयांचे इंधन लागेल. दुसरा मार्ग म्हणजे दिवा-रोहा मेमूने (कमी अंतराच्या विजेवरील पॅसेंजर गाडीने) पनवेलपर्यंत यायचे आणि तेथून हार्बरची लोकल पकडून बेलापूर गाठायचे. त्याचा मासिक पास हजार रुपयांच्या आतच येतो.

या दोन आकड्यांतील तफावत इतकी मोठी आहे की प्रश्नच उरू नये. तरीही आमच्या आळीतील पनवेल-बेलापूरकडे जाणाऱ्या मंडळींपैकी बरेच जण गाडीनेच जातात, आणि ते काही पैसे उधळणारे लोक नव्हेत. त्यामुळे माझ्या हिशेबात काहीतरी निसटते आहे असे वाटते. शिवाय पत्नीची शाळा वडखळच्या पलीकडे असल्याने पावसाळ्यात तिला गाडी लागते. म्हणजे मी रोज गाडी नेणार असेन तर दुसरी गाडी घ्यावी लागेल, आणि पाहून ठेवलेली गाडी सर्व करांसह नऊ लाखांना पडते. बँक सात लाखांचे कर्ज द्यायला तयार आहे. गाडीचा खरा खर्च आणि रेल्वेचा खरा खर्च मांडताना काय काय धरावे, याबाबत अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे. "रेल्वे स्वस्त, गाडी सोयीची" एवढेच सांगणारे उत्तर मला पुरणार नाही.

---

जमाखर्च

आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत आणि ते सोडवून घेतल्याशिवाय उत्तर निघणार नाही. दारात उभी असलेलीच गाडी आणखी चालवली तर किती खर्च वाढेल, हा पहिला प्रश्न. या प्रवासासाठी म्हणून नवी गाडी घेतली तर एकूण किती खर्च येईल, हा दुसरा. लोक बहुधा पहिल्याच्या उत्तरावर दुसऱ्याचा निर्णय घेतात आणि मग दोन वर्षांनी पगार कोठे जातो ते समजेनासे होते.

आधी पहिला प्रश्न घेऊ. आपण फक्त इंधन धरले आहे. ते किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या किंचित वर येते. पण गाडी जितकी धावते तितकी झिजतेही. चार टायरांचा जोड २०,००० रुपयांचा आणि त्याचे आयुष्य ४०,००० किलोमीटर धरले तर किलोमीटरला ५० पैसे. दर १०,००० किलोमीटरांच्या सर्व्हिसिंगला ७,००० रुपये धरले तर ७० पैसे. ब्रेकचे पॅड, क्लच, बॅटरी, सस्पेंशन या कधीतरी येणाऱ्या पण येणारच असलेल्या खर्चापोटी आणखी ५० पैसे बाजूला ठेवावेत. पळस्प्यापासून खालच्या महामार्गाची अवस्था ज्याने गेल्या दशकभरात पाहिली आहे, त्याला हा आकडा जास्त वाटणार नाही. यानंतर राहते ती किमतीतील घट. दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी आणि त्याच वयाची पन्नास हजार धावलेली गाडी यांच्या विक्रीच्या भावात लाख-सव्वा लाखाचा फरक सहज पडतो. म्हणजे जादा धावण्यापोटी किलोमीटरला सुमारे १ रुपया २० पैसे. या सर्वांची बेरीज केली तर किलोमीटरला जवळपास साडेनऊ रुपये होतात आणि महिन्याचे पावणेएकोणीस हजार. आपले १३,००० या आकड्याच्या दोन तृतीयांशांहून थोडेसेच अधिक आहेत.

आता दुसरा प्रश्न. नऊ लाखांची गाडी याच प्रवासाला जुंपली तर वर्षाला सुमारे २४,००० किलोमीटर धावेल आणि सहा वर्षांनी विकताना, बाजार बरा असला तर, अडीच लाख येतील. साडेसहा लाखांची घट ७२ महिन्यांत वाटली तर महिन्याला ९,००० रुपये. सात लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता साधारण १४,५३० रुपये येतो. येथे एक खबरदारी घ्यावी. घट आणि हप्ता हे दोन्ही पूर्ण धरले तर मुद्दल दोनदा मोजले जाते. म्हणून हप्त्यांतील फक्त व्याज, म्हणजे एकूण १ लाख ७२ हजारांच्या आसपासची रक्कम, धरावी. ती सहा वर्षांवर पसरली की महिन्याला २,४०० रुपये होतात. विम्याचे वर्षाला २०,००० धरले तर महिन्याला १,६७० रुपये. त्यातील त्रयस्थ पक्षाचा हप्ता १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला २०२२ च्या दरपत्रकानुसार ३,४१६ रुपये आहे. बाकीचा भाग आपण विमा किती व्यापक घेता त्यावर अवलंबून असतो. यांत इंधनाचे १३,००० आणि टायर, सर्व्हिसिंग व दुरुस्तीचे ३,४०० मिळवले की महिन्याचा एकूण आकडा साडेएकोणतीस हजारांवर जातो. किलोमीटरला पंधरा रुपये.

नऊ लाखांपैकी बरेच पैसे तर पहिल्याच दिवशी जातात, हेही ध्यानात असू द्यावे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी मोटार वाहन कर आहे आणि गाडी विकताना तो कोणी परत देत नाही. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवण्याचे जे कोष्टक आहे, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष होईपर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २० टक्के आणि पाचवे वर्ष संपताना ५० टक्के घसारा धरलेला असतो. ज्यांना माझा अडीच लाखांचा अंदाज निराशावादी वाटेल त्यांनी हे कोष्टक जरूर पाहावे.

मी रेल्वेचा प्रवासी नाही, त्यामुळे त्या बाजूचे आकडे जाणकारांनी द्यावेत.

---

नागोठणेकर

जमाखर्च यांनी गाडीची बाजू चोख मांडली आहे. मी याच मार्गावर, आपल्यापेक्षा दोन स्थानके पुढून, पनवेलला जातो, म्हणून रेल्वेची बाजू सांगतो.

पास हा रेल्वेच्या खर्चातला सर्वांत लहान घटक आहे. घरापासून पेण स्थानक, तेथे दुचाकी ठेवण्याचे पैसे, आणि बेलापूरला उतरल्यावर कार्यालयापर्यंतची शेअर रिक्षा, हे तीन खर्च पासाच्या जवळपास दुप्पट होतात. घर स्थानकापासून तीन किलोमीटरवर धरले आणि दुचाकीला किलोमीटरला तीन रुपये, वाहनतळाला दिवसाला वीस रुपये, रिक्षाला दोन्ही वेळचे मिळून चाळीस रुपये धरले तर महिन्याला १,७०० च्या वर जातात. पासाचे पुरते हजार धरून बेरीज २,८०० च्या आत राहते. बेलापूरला कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर आणखी कमी. पास एकदम तीन महिन्यांचा काढल्यास मासिक पासाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे दहावा हिस्सा वाचतो. शिवाय खिडकीवरची एक रांग टळते, जरी आता मोबाइलवरही पास काढता येत असला तरी. १ जुलै २०२५ पासून रेल्वेची भाडेवाढ झाली तेव्हा उपनगरी भाडे आणि पास त्यातून वगळले होते, त्यामुळे हा आकडा बराच काळ हललेला नाही.

आता जे कोणत्याही कोष्टकात बसत नाही ते. पनवेल ते बेलापूर हा भाग निश्चिंतीचा आहे. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर आणि मग बेलापूर. एक लोकल चुकली तर मागोमाग दुसरी येते. खरी मेख पनवेलच्या अलीकडे आहे. सोमाटणे, रसायनी, आपटे, जिते, हमरापूर, पेण या पट्ट्यात मेमूच्या फेऱ्या दिवसाकाठी मोजक्याच आहेत आणि कोकणात जाणाऱ्या बहुतेक एक्सप्रेस पेणला थांबत नाहीत. ज्या थांबतात त्यांतही पासधारकाला आरक्षित डब्यात बसता येत नाही. म्हणजे आपला दिवस आपल्या सोयीने सुरू होत नाही आणि संपतही नाही. तो गाडीच्या वेळेला बांधलेला असतो. सकाळची गाडी चुकली तर रजा किंवा एसटी. संध्याकाळी साहेबांनी पाच मिनिटांसाठी थांबवले तर त्या पाच मिनिटांचे दीड-दोन तास होतात. आळीतली मंडळी गाडी का काढतात, याचे उत्तर मला तरी येथेच दिसते. त्यांना रेल्वे महाग वाटत नाही आणि हळूही वाटत नाही, पण ती हवी त्या वेळी नसते.

म्हणून मी असे सुचवीन की रेल्वेच्या खर्चात "चुकलेल्या गाडीचा खर्च" अशी एक रक्कम धरावी. आपल्या कार्यालयाची सुटण्याची वेळ आणि परतीच्या मेमूची पनवेलची वेळ यांत अर्ध्या तासाहून कमी सवड राहत असेल तर ही रक्कम मोठी असेल. सवड तासाभराची असेल तर नगण्य. नोकरी स्वीकारताना पगाराबरोबर सुटण्याची वेळही पक्की करून घेणे हे पेण, नागोठणे, रोहा पट्ट्यातल्या माणसाला फार महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच मुलाखतीत विचारायचे राहून जाते.

---

वाशिष्ठी

पेणकरांची अडचण समजते, पण खालच्या कोकणातून पाहिले तर आपण बरेच सुखात आहात असेच म्हणावे लागेल. आपला मार्ग रोह्यापर्यंत मध्य रेल्वेचा आणि दुहेरी आहे. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते. तेथून पुढे वीरपर्यंतच दुसरा रूळ पडला, तोही २०२१ मध्ये. वीरच्या दक्षिणेला मोठा भाग एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीसाठी आपली गाडी बाजूला उभी राहणे हा रोजच्या वेळेचाच भाग असतो, आणि क्रॉसिंगच्या त्या खेळात पॅसेंजरचा क्रमांक नेहमी शेवटचा लागतो.

खर्चाच्या बाबतीतही एक महत्त्वाचा फरक आहे, जो दक्षिणेकडच्या वाचकांनी हा धागा वाचताना ध्यानात घ्यावा. कोकण रेल्वेवर प्रवासी भाड्यासाठी प्रत्यक्ष अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरले जाते. चिपळूण ते रत्नागिरी रुळांवरचे अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे, पण भाडे जवळपास १०५ किलोमीटरचे पडते. डोंगर फोडून, शेकडो पूल बांधून, रोख्यांतून पैसा उभारून केलेल्या मार्गाचा खर्च भरून काढण्यासाठी ही आकारणी ठेवली गेली. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला, त्याला आता पाव शतक उलटून गेले तरी ती कायम आहे. माझ्या मते ही आकारणी आता अन्यायाची झाली आहे, पण तो वाद वेगळ्या धाग्यावर घालू. एवढे मात्र खरे की वाढीव अंतर धरूनही पॅसेंजरचे भाडे गाडीच्या इंधनाच्या जवळपासही येत नाही. त्यामुळे निर्णय भाड्यावर होत नाही.

आमच्याकडे निर्णय होतो तो स्थानकाच्या जागेवर आणि गाडीच्या दिशेवर. रत्नागिरीचे स्थानक कुवारबावला, शहरापासून दूर. राजापूर रोड आणि सावंतवाडी रोड ही स्थानके तर गावांपासून इतकी लांब की दोन्ही वेळा रिक्षा केली तर तिचे भाडे पॅसेंजरच्या तिकिटाहून सहज जास्त होते. शिवाय येथील गाड्यांच्या वेळा मुंबईहून निघणाऱ्या आणि मुंबईला पोहोचणाऱ्या माणसाच्या सोयीने आखलेल्या आहेत. चिपळूणहून दहाच्या कचेरीला रत्नागिरीत पोहोचायचे आणि सहानंतर परतायचे, असा प्रवासी त्या वेळापत्रकात कोठे दिसत नाही. चाकरमान्यांचे गणपती आणि शिमगा यांसाठी जादा गाड्या सुटतात, त्याबद्दल तक्रार नाही, आमचेच भाऊबंद त्यांतून येतात. पण रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्या स्थानिक नोकरदारासाठी गाडी सुटावी ही मागणी तितक्या जोराने होत नाही, आणि म्हणून दुचाकी, एसटी आणि हप्त्यावरची मोटार हेच त्याच्या वाट्याला येते.

पावसाळ्याचा मुद्दा आपल्यालाही लागू होईल. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचे वेगळे पावसाळी वेळापत्रक असते, कारण दरडींच्या भीतीने वेग कमी ठेवावा लागतो. दिवा-रोहा मेमू त्या मार्गावर जात नसली तरी दक्षिणेहून उशिरा आलेल्या गाड्या रोहा-पनवेलमध्ये तिच्याच रुळांवरून पुढे जातात. त्याच महिन्यांत महामार्गावर खड्डे असतात आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात वाहनांची रांग. म्हणजे रेल्वेला उशीर आणि रस्त्यालाही उशीर, हे दोन्ही एकाच हंगामात येतात. वर्षाच्या सरासरीवर केलेला हिशेब या चार महिन्यांत कोलमडतो, म्हणून पावसाळ्याचा हिशेब वेगळा मांडावा.

---

सानेवाडी

एसटीचा उल्लेख वर एका शब्दात आला आणि तेथेच थांबला, म्हणून लिहिते. मी पेणहून पनवेलला नोकरीसाठी जाते आणि रेल्वे व एसटी दोन्ही वापरते. अलिबाग-पनवेल गाड्या वडखळ, पेण मार्गेच जातात, त्यामुळे मेमू चुकली म्हणजे दिवस बुडाला असे होत नाही. महामंडळाच्या मासिक पासात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो, आणि मार्च २०२३ पासून महिलांना साध्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तरीही अर्ध्या तिकिटात मला एसटी आजही परवडते. प्रश्नकर्ते पुरुष असल्याने त्यांना ही सवलत नाही, पण त्यांच्या पत्नीला आहे. पेण ते वडखळ हे अंतर फार नाही आणि त्या रस्त्यावर अलिबागच्या एसटीची ये-जा असते. शाळा वडखळच्या किती पलीकडे आहे ते माहीत नाही, पण पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी नऊ लाखांची गाडी घेण्याआधी ताईंनी एसटी आणि पुढची रिक्षा असा प्रवास करून पाहावा. हा निर्णय अर्थातच त्यांचा आहे, तुमचा किंवा आमचा नाही.

दुसरी गोष्ट वेळेबद्दल. रेल्वेतला वेळ "आपला" असतो, वाचता येते, डुलकी काढता येते, असे पुष्कळ जण सांगतात. बसायला जागा मिळाली तर ते खरे आहे. सकाळच्या मेमूला ती नेहमी मिळत नाही, आणि डबा-पिशवी सांभाळत उभ्याने काढलेला पाऊण तास हा काही वाचनाचा तास नसतो. रात्री उशिरा स्थानकाबाहेर रिक्षा मिळणे हा आणखी एक खर्च आहे, जो बाईमाणसाच्या हिशेबात पैशांपेक्षा काळजीच्या रूपाने येतो. मी म्हणूनच संध्याकाळी उशीर झाला की एसटीच पकडते. ती बाजारपेठेजवळ सोडते.

कोणी सुचवण्याआधीच सांगते: दोन-तीन सहकाऱ्यांना घेऊन त्यांच्याकडून महिन्याचे पैसे घेण्याचा विचार असेल तर जपून करावा. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीत भाडे घेऊन माणसे बसवणे कायद्यात बसत नाही आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात अडचण येते. एक आठवडा तुमची गाडी, एक आठवडा त्यांची, असे पाळीने केले तर पैशांचा प्रश्नच येत नाही आणि खर्चही निम्म्यावर येतो. आमच्या ओळखीच्या मंडळींचे असे चांगले चालले आहे. फक्त सुटण्याची वेळ सर्वांची एक हवी.

---

भोगावतीकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर्वांचे आकडे एकत्र मांडून पाहिले ते असे.

गाडीने जाण्यापेक्षा रेल्वेने दोन्ही वेळचे मिळून दिवसाला सव्वा तास जास्त लागेल असे धरतो, म्हणजे महिन्याला साडेसत्तावीस तास. दारातली गाडी वापरली तर रेल्वेपेक्षा महिन्याला जवळपास १६,००० रुपये जादा जातात, म्हणजे वाचवलेला प्रत्येक तास मी सुमारे ५८० रुपयांना विकत घेतो. दुसरी गाडी घेऊन गेलो तर तोच तास ९७० रुपयांना पडतो. माझा तासाचा पगार यातील पहिल्या आकड्याच्याही खालीच आहे. तेव्हा दुसरी गाडी घेण्याचा विचार मी येथेच सोडला.

पण रोज रेल्वे, असेही ठरवलेले नाही. नागोठणेकर म्हणतात तो चुकलेल्या गाडीचा खर्च मला असा मांडता येतो, की ज्या दिवशी उशिरा थांबावे लागणार हे आधी ठाऊक असेल त्या दिवशी दारातलीच गाडी न्यायची. अशा एका दिवसाला ९० किलोमीटरचे साडेनऊ रुपयांप्रमाणे सुमारे ८५० रुपये पडतात. महिन्यात असे सहा दिवस निघाले तरी ५,१०० रुपये, आणि पास व इतर खर्च धरून एकूण आठ हजारांच्या आत. रोजच्या गाडीच्या पावणेएकोणीस हजारांच्या निम्म्याहून बरेच कमी. पत्नीशी बोललो. तिची शाळा वडखळपासून दोन किलोमीटर आत आहे. उन्हाळ्या-हिवाळ्यात ती दुचाकीनेच जाते, पावसाळ्यात एसटी आणि रिक्षा करून पाहायला तयार आहे. अट एकच, मुसळधार पावसाच्या दिवशी गाडीवर पहिला हक्क तिचा.

एक शंका उरते. गाडी पनवेल स्थानकापर्यंत न्यावी आणि तेथून लोकल पकडावी, हा मधला मार्ग कसा वाटतो? मेमूचे बंधनही राहणार नाही आणि शीव-पनवेल रस्त्याची कोंडीही टळेल.

---

जमाखर्च

मधला मार्ग दिसतो तितका स्वस्त नाही. पेण ते पनवेल सुमारे ३२ किलोमीटर, म्हणजे दिवसाला ६४. साडेनऊ रुपयांप्रमाणे ६०८ रुपये, वर वाहनतळ आणि पनवेल-बेलापूरचा पास. बेलापूरपर्यंत गाडी नेली तर ८५५. म्हणजे तीन चतुर्थांश खर्च करून आपण शेवटचे तेरा किलोमीटर वाचवता. बेलापूरला गाडी उभी करायला जागा मिळत नसेल किंवा कळंबोलीच्या कोंडीत रोज अर्धा तास जात असेल तरच याला अर्थ आहे. दुचाकीने पनवेल गाठणे पैशांत फारच स्वस्त आहे, लिटरला ५० किलोमीटर धरले तर पेट्रोल दिवसाला १३५ रुपयांच्या आत. पण त्या महामार्गावर अवजड वाहनांच्या गर्दीत, पावसात, अंधारात रोज ६४ किलोमीटर दुचाकी चालवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

ज्यांचे कार्यालय मुंबईत आहे त्यांनी वरील आकडे तसेच्या तसे उचलू नयेत. त्यांच्या गाडीच्या खर्चात अटल सेतूने गेल्यास एकेरी २५० रुपयांचा पथकर येतो आणि तेवढ्यानेच बहुतेकांचा हिशेब रेल्वेकडे झुकतो.

---

नागोठणेकर

आपले ठरले ते योग्य वाटते. दोन व्यावहारिक सूचना करतो. पहिले तीन महिने तिमाही पास काढू नका, मासिकच काढा; गाडीने जाण्याचे दिवस सहाऐवजी बारा निघाले तर तिमाहीतला फायदा वाया जातो. हे दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा, म्हणजे अंदाजाऐवजी खरा आकडा हाती येईल. आणि रुजू होण्याआधी एखाद्या सोमवारी सकाळची मेमू धरून बेलापूरपर्यंत आणि संध्याकाळी परत असा प्रवास करून बघा. सोमवारी एवढ्यासाठी की त्या दिवशी गर्दी सर्वांत जास्त असते. पेण स्थानकाच्या वाहनतळावर सकाळी जागा शिल्लक राहते का, हेही त्याच दिवशी कळेल.